३,७९९ रुपयांचा टॅब : घ्यावा की नाही?

तर झालं असं, की गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. आयटीवाल्याला शनिवारी साडेसातला उठवणं हे घोर पाप आहे, पण गावाकडच्या माणसांना कोण सांगणार? त्यांचं तोवर शेतात एक चक्कर मारून झालेलं असतं. फोन दादाचा होता. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, आमच्या गावी शेती करतो. थोडी मोसंबी, बाकी कापूस आणि सोयाबीन.

"उठला का? व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकलाय, बघ. पोरीला घ्यावा म्हणतो. तुला त्यातलं कळतं. घेऊ का नको तेवढं सांग."

पोरगी म्हणजे माझी पुतणी. दहावीला आहे. फोटो होता एका टॅबच्या ऑनलाइन जाहिरातीचा. १० इंची पडदा, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी जागा, ५जी, ८,००० एमएएचची बॅटरी, वर कीबोर्ड, माऊस आणि कव्हर फुकट. किंमत १८,९९९ वर काट मारून ३,७९९. आणि खाली लाल अक्षरात : फक्त आज रात्री बारापर्यंत.

आता तुम्ही-आम्ही अशी जाहिरात बघून काय करतो? हसतो आणि पुढे जातो. मीही हसलो आणि उत्तर टाईप केलं, "अजिबात घेऊ नकोस. थोडे पैसे घालून चांगल्या कंपनीचा घे."

पाठवायच्या आधी खोडलं.

कारण "थोडे पैसे" म्हणजे किती? नवा, बऱ्यापैकी, नावाजलेल्या कंपनीचा टॅब घ्यायचा म्हटलं तर माझ्या हिशेबाने अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे वरचे सात हजार. पुण्यात आपण दोन वीकेंडच्या हॉटेलिंगमध्ये एवढे उडवतो आणि अप्रेजल नीट झालं नाही म्हणून रडतो. दादाच्या हिशेबात सात हजार म्हणजे सव्वा क्विंटलहून जास्त सोयाबीन, आणि तेही २०२५-२६ चा ५,३२८ रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला तर. आणि बाजार समितीत तो दरवेळी पूर्ण मिळतोच असं नाही.

"थोडे पैसे घालून चांगला घे" हा सल्ला नसतो. तो ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत त्याने, ज्याच्याकडे नाहीत त्याला, मारलेला टोमणा असतो. देणाऱ्याला ते कळतही नाही एवढंच.

म्हणून दादाला म्हटलं, "रात्री बाराचं काही मनावर घेऊ नकोस. उद्याही तीच किंमत असणार. मला आठवडाभर दे." (दुसऱ्या दिवशी बघितलं. तीच किंमत, तेच लाल अक्षर, तेच बारा.)

आधीचा एक टॅब

मला या प्रश्नाचं एवढं का लागलं, ते सांगतो. आमच्या घरात असा एक टॅब होऊन गेलाय.

२०१३ साली मी दहावी पास झालो. जालना जिल्ह्यातल्या कुणालाही २०१३ म्हटलं की आधी दुष्काळ आठवतो. मोसंबीच्या बागा वाळून चालल्या होत्या आणि लोक टँकरच्या पाण्यावर झाडं जगवायला बघत होते. आमचीही तीच गत. त्याच उन्हाळ्यात निकाल लागल्यावर अण्णांनी (माझे वडील) जालन्याहून मला एक टॅब आणला. ३,२०० रुपयांचा. सात इंची. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

तेव्हा सगळीकडे टॅबचं वारं होतं, आणि त्याला कारण होतं 'आकाश'. आठवतंय का? जुलै २०१० मध्ये तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या, म्हणजे साधारण दीड हजार रुपयांच्या संगणकाचा नमुना दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ ला डेटाविंड या कंपनीने बनवलेला 'आकाश' दिल्लीत बाहेर आला. जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून परदेशी वर्तमानपत्रांतही गाजला. सरकारला तो पडत होता साधारण २,२७६ रुपयांना आणि विद्यार्थ्यांना तो सवलतीत मिळणार होता.

आत काय होतं? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, २,१०० एमएएचची बॅटरी, अँड्रॉइड २.२ आणि बोटाने दाबावा लागणारा रेझिस्टिव्ह पडदा. म्हणजे नुसतं टेकवून चालत नसे, दाबावं लागे. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे त्यावर गूगलचं अधिकृत ॲप-दुकानच नव्हतं. त्याऐवजी 'गेटजार' नावाचं दुसरं दुकान दिलं होतं. कंपनीने बाजारात विकण्यासाठी २,९९९ रुपयांचा थोडा बरा भाऊबंद काढला, त्यासाठी लाखो लोकांनी नोंदणी केली आणि अनेकांना नुसती वाट बघावी लागली.

पहिल्या आकाशची चाचणी आयआयटी राजस्थानकडे होती. चाचणीच्या निकषांवरून संस्था आणि कंपनी यांचं बिनसलं आणि २०१२ मध्ये काम आयआयटी मुंबईकडे आलं. तिथे प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने ते हाती घेतलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ आला. १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, हलक्या स्पर्शाला दाद देणारा पडदा, अँड्रॉइड ४. विद्यार्थ्यांसाठी किंमत १,१३०. वर्षभरात यंत्र खरोखर सुधारलं होतं, हे मान्य करायला पाहिजे. पण तोवर पहिल्याच्या नावाने लोकांनी हात धुतले होते. २०१५ पर्यंत योजना गुंडाळली गेली.

आकाशची थट्टा करणं सोपं आहे. मीही इंजिनिअरिंगला असताना भरपूर केली. पण आज वाटतं, त्यातला मूळ प्रश्न बरोबर होता. खेड्यातल्या पोराला परवडेल असा संगणक किती रुपयांत होईल, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. चूक उत्तर लिहिण्याच्या पद्धतीत होती. आधी आकडा ठरवला, ३५ डॉलर, आणि मग त्या आकड्यात जे बसेल ते बसवलं. पोरगं त्यावर नक्की काय करणार, किती वर्षं करणार, बिघडल्यावर कुणाकडे जाणार, हे मागाहून.

उलटी चूकही होऊ शकते. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले होते. ते यंत्र पोरांचा विचार करूनच बनवलेलं होतं. दणकट, उन्हातही वाचता येणारा पडदा. पण १०० डॉलरचं म्हणून गाजलेलं हे यंत्र प्रत्यक्षात १८८ डॉलरच्या घरात गेलं आणि भारतात फारसं पसरलंच नाही. थोडक्यात काय, एकाने किंमत पाळली आणि यंत्र लंगडं झालं. दुसऱ्याने यंत्र चांगलं केलं आणि किंमत आवाक्याबाहेर गेली.

असो. माझ्या टॅबकडे येतो. तो पाच महिने चालला. आधी चार्जिंगची पिन सैल झाली. मग पडद्याच्या डाव्या बाजूचा दोन बोटं रुंद पट्टा स्पर्शाला उत्तर देईना. दुकानदार म्हणाला, कंपनीकडे पाठवा. कंपनीचा फोन कुणी उचलेना. अण्णा काही बोलले नाहीत. टॅब परत खोक्यात घातला, पावतीची घडी करून वर ठेवली आणि खोकं कपाटात. ते अजून तिथेच आहे.

३,२०० भागिले ५. महिन्याला ६४० रुपये. बाग जळत असताना.

अण्णांनी त्यानंतर स्वतःच्या मनाने घरात एकही इलेक्ट्रॉनिक वस्तू आणली नाही. साधा फोन घ्यायचा तरी मला विचारतात. माणूस तेवढ्यापुरता स्वतःवरचा विश्वास घालवून बसतो, आणि तो काही कुठल्या पावतीवर लिहिलेला नसतो.

बियाणं घेताना आपण काय करतो?

जालन्याला बियाण्याची परंपरा आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथेच काढली, आणि पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याचा शेतकरी मोबाईलच्या रॅमबद्दल अडाणी असेल, पण बियाण्याच्या पिशवीपुढे तो कुणाला ऐकत नाही.

सोयाबीनची पिशवी घेताना दादा काय करतो? लेबल बघतो. प्रमाणित असेल तर निळं लेबल. त्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्ती. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के पाहिजे. पिशवी फोडली तरी लेबल आणि पावती जपून ठेवतो. आणि एवढ्यावरही विसंबत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती. म्हणून पेरणीआधी घरी परीक्षा. ओलं गोणपाट, त्यावर मोजून शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी मोजायचे. सत्तर उगवले तर ठीक. कमी असतील तर बियाणं जास्त घाला, फारच कमी असतील तर पेरूच नका. कृषी खातंही हेच सांगतं.

म्हणजे "स्वस्त आहे" हे कारण दादा बियाण्यासाठी कधीच धरत नाही. पिशवी दोनशेने स्वस्त असेल आणि उगवलंच नाही, तर पिशवीचे पैसे जातातच, शिवाय हंगाम जातो. हंगाम परत मिळत नाही.

दहावीचं वर्ष हाही हंगामच आहे. टॅब सप्टेंबरमध्ये घेतला आणि जानेवारीत बंद पडला, तर नुकसान ३,७९९ चं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : टॅबची किंमत खोक्यावर लिहिलेली नसते. किंमत भागिले तो नीट चालेल ते महिने, ही खरी किंमत. आणि किती महिने चालेल ते जाहिरात सांगत नाही, ते आपल्यालाच गोणपाटात गुंडाळून बघावं लागतं.

शंभर दाणे

मग मी तो टॅब स्वतःच्या नावावर, पुण्याच्या पत्त्यावर मागवला. परत करायची मुदत सात दिवसांची आहे याची आधी खात्री केली. काय काय तपासलं ते क्रमाने देतो. तुमच्याकडेही गावाकडून असे फोन येत असणारच.

एक, लेबल. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबवर बीआयएसचा शिक्का आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. हा क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते कळतं. तसंच २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि वस्तू कुठल्या देशात बनली हे ऑनलाइन दिसलं पाहिजे. माझ्या खोक्यावर शिक्का होता. क्रमांक नव्हता. आता बोला!

दोन, रॅम आणि जागा. सेटिंगमध्ये जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. ते आकडे नुसती मजकुराची फाईल बदलून हवे तसे दाखवता येतात. आतल्या हार्डवेअरची माहिती देणारी फुकट ॲप्स मिळतात, ती टाकून बघा. शिवाय '४+८' असा आकडा दिसला तर त्यातले ८ हे साठवणीतून उसने घेतलेले असतात, ती खरी रॅम नव्हे. माझ्या टॅबमध्ये १२ जीबीची निघाली २ जीबी. ५१२ चे निघाले ३२, आणि त्यातले दहा-बारा अँड्रॉइडनेच खाल्लेले. (चांगल्या कंपनीचं ५१२ जीबीचं नुसतं मेमरी कार्ड घ्यायला गेलात तरी काही हजार पडतात. मग ३,७९९ मध्ये अख्खा टॅब कसा येईल, हा साधा प्रश्न दादाने सोडवायचा नव्हता, जाहिरात छापणाऱ्याने सोडवायचा होता.)

तीन, ५जी. टॅबला सिम घालायची जागाच नव्हती. तळटीप वाचल्यावर कळलं, ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. यावर मी दोन मिनिटं टाळ्या वाजवल्या. सिमचा टॅब असेल तर *#०६# दाबून आयएमईआय घ्या आणि 'केवायएम' लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ ला एसएमएस करा. उपकरणाची नोंद कळते.

चार, गूगलची मान्यता. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली प्ले प्रोटेक्टची ओळ असते. तिथे उपकरण प्रमाणित आहे की नाही ते दिसतं. माझ्याकडे दिसलं, नाही. आकाशची जुनी गोष्ट, नव्या कव्हरात.

पाच, अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षेच्या अपडेटची तारीख. दाखवत होता १४. अपडेटची तारीख मात्र चार वर्षांपूर्वीची! याचा त्रास आज होत नाही, पुढे होतो. क्रोमचंच घ्या. २०२५ मध्ये त्याने अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. यंत्र धडधाकट असतं, पण एकेक ॲप पाठ फिरवत जातं.

सहा, प्रत्यक्ष काम. पुतणी त्यावर जे करणार तेच केलं. ई-बालभारतीवरून दहावीच्या विज्ञानाची पीडीएफ उतरवली. पुस्तकातला क्यूआर कोड मागच्या कॅमेऱ्याने वाचायचा प्रयत्न केला. गणिताचा व्हिडिओ लावून ठेवला. पीडीएफ उघडली, पण पान उलटताना चहा होईल एवढा वेळ. क्यूआर कोड सहापैकी दोनदा वाचला. आणि बॅटरी अडीच तासांत संपली. चार्जिंगला लावला तर मागची बाजू एवढी गरम, की गावाकडच्या खालीवर होणाऱ्या व्होल्टेजमध्ये याचं काय होईल ही कल्पनाच नको.

शंभरातले वीस दाणेही उगवले नाहीत. परत पाठवला. पैसे यायला नऊ दिवस आणि दोन तक्रारी लागल्या. (१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, लक्षात ठेवा. माझ्यावर वेळ आली नाही, पण नंबर काढून ठेवला होता.)

मग घेऊच नये का?

इथे लेख संपवता आला असता. स्वस्त टॅब वाईट, घेऊ नका, धन्यवाद. पण मग मी खोडलेलंच उत्तर आठवडाभर उशिरा दिल्यासारखं झालं असतं.

म्हणून पुतणीशीच बोललो. तिला विचारलं, दादाचा फोन आहे ना, मग अडतं कुठे? तिने अगदी शांतपणे वेळापत्रक सांगितलं. पप्पा दिवसभर शेतात, फोन त्यांच्याबरोबर. साडेसातला येतात. मग जेवणापर्यंत भाऊ गेम खेळतो. जेवण झाल्यावर पप्पा बातम्या आणि बाजारभाव बघतात. दहानंतर फोन हिच्या हातात, बॅटरी पंधरा टक्के. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर दुपारी चारलाच आलेला असतो.

मी म्हटलं, "मोठ्या पडद्यावर बरं दिसेल म्हणा."

ती म्हणाली, "काका, मोठा नसला तरी चालेल. माझा पाहिजे."

यावर काय बोलणार? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरांत एकच फोन आणि शिकणारी दोन-तीन पोरं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. शाळा उघडल्या आणि आपण विसरलो. २०२३ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींकडे बघितलं होतं. स्वतःचा स्मार्टफोन असण्याचं प्रमाण मुलांमध्ये मुलींच्या दुपटीहून जास्त होतं. फोनच्या रांगेत शेवटी कोण उभं असतं, ते आकड्याशिवायही माहीत होतं म्हणा.

तेव्हा "थांबा, पैसे जमले की चांगला घ्या" हेही उत्तर फुकट नाही. कापूस घरात येईपर्यंत थांबायचं, म्हणजे दहानंतरची पंधरा टक्के बॅटरी अजून तीन-चार महिने. सल्ला देणारा थांबत नाही, ती थांबते.

मग कागद घेऊन मांडलं. महिने माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला :

जाहिरातीतला टॅब, ३,७९९ रुपये. उदार मनाने आठ महिने. महिन्याला ४७५.

नावाजलेल्या कंपनीचा नवा, ११,००० रुपये. चार वर्षं. महिन्याला २२९.

तसाच, पण वापरलेला, ५,५०० रुपये. दोन वर्षं. महिन्याला २२९.

गंमत बघा. सगळ्यात स्वस्त तोच सगळ्यात महाग. आणि नवा की जुना यात महिन्याच्या हिशेबाने काहीच फरक नाही, फरक एवढाच की जुन्याला एकदम सात हजार वर काढावे लागत नाहीत. गरिबाला महाग पडतं ते इथेच. महिन्याला २२९ परवडत नाहीत असं नसतं, एकदम ११,००० नसतात.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे तीन वर्षांचा टॅब पडून होता. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ५,५०० म्हणाली. त्यालाही तेच शंभर दाणे. रॅम खरी, गूगलची मान्यता आहे, अपडेट दोन महिन्यांपूर्वीची, व्हिडिओवर बॅटरी पाच तास. एका कोपऱ्यात पोचा. सत्तरच्या वर उगवला.

दादाला फोन केला. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "वापरलेला? पोरीला पहिल्यांदा काही घ्यायचं, आन् जुनं द्यायचं?"

हे मला अपेक्षित नव्हतं. मी भागाकार करत बसलो होतो आणि दादाच्या मनात गोष्ट वेगळीच होती. ३,७९९ वाला निदान नवा होता, खोक्यातला, वर प्लॅस्टिक असलेला. लेकीपुढे धरताना बापाला बरं वाटेल असा. २०१३ साली अण्णांनाही बहुतेक तेच वाटलं असणार. त्या जाहिराती नेमकं हेच विकतात, आणि म्हणून मला त्यांचा राग येतो. १२ जीबी खोटं सांगितलं याचा येतो त्याहून जास्त.

मी म्हटलं, "दादा, ट्रॅक्टर कुठला घेतलास तू?"

"तो जुनाच की. पण मी इंजिनाचा आवाज ऐकला होता. मिस्त्रीला नेलं होतं संगं."

"मग मी मिस्त्रीच समज. आवाज ऐकलाय."

हसला. ३,८०० त्याचे, १,७०० माझे. तेही "उसने म्हण, कापूस आल्यावर देतो" या बोलीवर. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याचा हक्क मला नव्हता असं वाटलं.

माझं मत, एकदाचं

अतिस्वस्त टॅब घेणारे लोक मूर्ख नसतात. दुसरं काही आवाक्यात नसतं आणि गरज खरी असते. त्यांना हसण्यापेक्षा आपण दोन गोष्टी कराव्यात. एक, कुणी विचारलं तर अर्धा दिवस द्यावा आणि शंभर दाणे तपासून द्यावेत. दोन, आपल्या ड्रॉवरमध्ये नवा घेतल्यामुळे पडून राहिलेला जो टॅब किंवा फोन आहे, तो आज बाहेर काढावा. बॅटरी फुगायच्या आत. त्याचे महिने तिथे नुसते वाया चाललेत.

आणि सरकारकडे मागणं एकच. मला पुन्हा ३५ डॉलरचं यंत्र नको. मला लेबल पाहिजे. युरोपात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबवर ऊर्जेचं आणि टिकाऊपणाचं लेबल सक्तीचं झालं, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट देण्याची अट आली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समिती नेमली, हे पाऊल चांगलं. पण मला तर साधं, बियाण्याच्या पिशवीसारखं हवं. खरी रॅम, खरी जागा, अपडेट कुठल्या तारखेपर्यंत, सुटे भाग किती वर्षं. पिशवीवर ७० टक्के लिहून उगवलं नाही, तर तालुक्याला तक्रार करता येते, अधिकारी शेतात येऊन पंचनामा करतो. टॅबच्या खोक्यावर १२ जीबी लिहून २ निघाली तर? आपण परत पाठवतो आणि तोच टॅब उद्या दुसऱ्या दादाच्या घरी जातो.

मागच्या रविवारी टॅब गावी पोचवला. पुतणीने आधी पोचा बघितला, मग भावाला लांब राहायला सांगितलं आणि मग मला विचारलं, "काका, बारावीपर्यंत चालेल का?"

दहावी, अकरावी, बारावी. माझ्या कागदावर दोनच वर्षं होती.

म्हटलं, "जपून वापरलास तर. बॅटरी एकदा बदलावी लागेल."

तिने मान हलवली. टॅबच्या मागे पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनने तारीख लिहिली. अण्णा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "पावती कुठंय? पावती ठेव नीट."

जुन्या टॅबला कसली पावती? तरी मी एका कागदावर रक्कम, तारीख लिहून सही करून दिली.